चुनाभट्टीतला उष्णतेचा हिशोब: रासायनिक अभिक्रियेतली उष्णता कशी काढायची

मुंबईत हार्बर लाइनने कुर्ल्याकडे जाताना गुरू तेग बहादूर नगर गेलं की चुनाभट्टी स्टेशन लागतं. स्टेशनजवळच्या एका चाळीत दर रविवारी सकाळी मी अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवते. बहुतेक मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. 'उष्मादायी' आणि 'उष्माग्राही' हे दोन शब्द त्यांना पाठ असतात, पण उष्णता किती बाहेर पडली हा प्रश्न त्यांना तोवर कोणी विचारलेला नसतो. अकरावीला पुस्तक इंग्रजी होतं, समोर एकदम सूत्रं येतात आणि मूल घाबरतं. हा लेख त्या मुलांसाठी आहे. ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली, पण गॅसच्या ज्योतीतून नेमकं किती मिळतं याचं कुतूहल आहे, त्यांच्यासाठीही आहे.

सूत्राला हात लावायच्या आधी वहीच्या वरच्या कोपऱ्यात तीन प्रश्न लिहायचे. उष्णता कोणाकडून कोणाकडे गेली? ती किती मालासाठी आहे? आणि माल कोणत्या अवस्थेत आहे: घन, द्रव, वायू की पाण्यात विरघळलेला? या धड्यातल्या ज्या चुका मी आजवर तपासल्या, त्यातल्या बहुतेक या तीनपैकी एका प्रश्नाकडे दुर्लक्ष झाल्याच्या होत्या. गुणाकार-भागाकाराच्या चुका फार थोड्या.

उणे आलं म्हणजे चुकलं नाही

"बाई, उत्तर उणे आलं. कुठे चुकलं?" हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलीने पाणी तापताना पाहिलेलं असतं, थर्मामीटर वर गेलेला असतो, मग उत्तर उणे कसं?

हिशोब अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांच्या बाजूने मांडायचा असतो. त्यांच्याकडून उष्णता बाहेर गेली तर त्यांच्या खात्यात उणे, बाहेरून आत आली तर अधिक. थर्मामीटर मात्र भोवतालच्या पाण्यात, म्हणजे शेजाऱ्याच्या घरात बसलेला असतो. आपल्या घरातून जे गेलं ते शेजाऱ्याकडे पोचलं, म्हणून तिथला पारा चढला. तापमान वाढलं की अभिक्रियेची उष्णता ऋण, कमी झालं की धन. उष्मादायी म्हणजे ऋण, उष्माग्राही म्हणजे धन.

उघड्या भांड्यात, हवेच्या स्थिर दाबाखाली अभिक्रिया झाली तर या देवाणघेवाणीला एन्थाल्पीतला बदल म्हणतात. पुस्तकात तो 'डेल्टा एच' या चिन्हाने लिहिलेला दिसेल. आपण घरात किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत जे करतो ते जवळजवळ सगळं उघड्या भांड्यातच होतं, त्यामुळे सुरुवातीला एवढं पुरतं. एककं किलोजूलमध्ये ठेवा. १ कॅलरी म्हणजे ४.१८४ जूल, आणि खाण्यापिण्याच्या बोलण्यात जिला कॅलरी म्हणतात ती खरं तर किलोकॅलरी असते.

आधी स्वतः मोजा: नवसागराचा प्रयोग

पुस्तकातल्या तक्त्यातले आकडे वापरण्याआधी एक आकडा स्वतःच्या हाताने काढावा, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी नवसागरासारखा सोपा पदार्थ नाही. भांड्यांना कल्हई करताना कल्हईवाला जी पांढरी पूड टाकायचा, ज्यामुळे भसकन पांढरा धूर निघायचा, तोच हा नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड. रसायनांच्या दुकानात मिळतो. मी प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणते. पाण्यात टाकला की पाणी थंड होतं. काटेकोर बोलायचं तर हे विरघळणं आहे, नवा पदार्थ तयार होत नाही. पण हिशोबाची रीत तीच आहे आणि धोका फार कमी.

तरी दोन गोष्टी पाळा. नवसागर तापवायचा नाही आणि चुन्याजवळ न्यायचा नाही. नवसागर आणि चुना एकत्र आले की अमोनिया सुटतो आणि डोळे-नाक झोंबतात. पुढे या लेखात चुना येणार आहे, म्हणून आत्ताच सांगते.

पूर्वी या प्रयोगाला थर्माकोलचे पेले वापरायचे. २०१८च्या बंदीनंतर ते मिळत नाहीत आणि मिळवूही नयेत. स्टीलचा पातळ ग्लास घ्या, त्याला जुन्या टॉवेलचे दोन-तीन घट्ट वेढे द्या, आणि तो ग्लास एका मोठ्या डब्यात ठेवा. वर पुठ्ठ्याचं झाकण, त्याला थर्मामीटरपुरतं भोक. हाच तुमचा कॅलरीमापी, म्हणजे उष्णता मोजायचं भांडं.

थर्मामीटर ताप मोजायचा चालणार नाही; तो साधारण ३५ अंशांच्या खाली काही दाखवत नाही. एक दशांश अंश दाखवणारा, स्वयंपाकाचा, टोकदार सळीचा डिजिटल थर्मामीटर चालतो. वजनकाट्याकडेही बघा. स्वयंपाकघरातला काटा एक-एक ग्रॅमनेच पुढे सरकत असेल तर दहा ग्रॅम मोजताना अर्ध्या ग्रॅमची चूक सहज होते, म्हणजे पाच टक्के तिथेच गेले. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर नवसागर आणि पाणी दोन्ही दुप्पट घ्या.

पाणी आदल्या रात्रीच खोलीत ठेवून द्यायचं, म्हणजे ते खोलीच्या तापमानाला येतं. १०० ग्रॅम पाणी ग्लासात घ्या. दोन-तीन मिनिटं तापमान बघा. ते स्थिर आहे याची खात्री झाली की लिहून ठेवा. मग १० ग्रॅम बारीक केलेला नवसागर एकदम टाका आणि सतत, पण हलक्या हाताने ढवळा. दर पंधरा सेकंदांनी आकडा लिहा. तापमान खाली येतं, एका ठिकाणी थांबतं, मग हळूहळू वर चढू लागतं. सगळ्यात खालचा आकडा आपला.

डिसेंबरमध्ये आमच्या खोलीत सुरुवातीला २८.४ अंश सेल्सिअस होतं आणि खाली २२.६पर्यंत गेलं. घट ५.८ अंश. आता हिशोब.

तापमान बदललं ते सगळ्या द्रावणाचं, नुसत्या पाण्याचं नव्हे. म्हणून वस्तुमान ११० ग्रॅम धरायचं. इथे निम्मी मुलं १०० धरतात. द्रावणाची विशिष्ट उष्माधारकता पाण्याइतकीच, म्हणजे दर ग्रॅमला दर अंशाला ४.१८ जूल मानू.

११० × ४.१८ × ५.८ = २६६७ जूल, म्हणजे २.६७ किलोजूल.

एवढी उष्णता पाण्याने गमावली, म्हणजे नवसागराने घेतली. चिन्ह अधिक. पण हा आकडा १० ग्रॅमचा आहे. तुमचे १० ग्रॅम आणि शेजारच्या मुलाचे १२ ग्रॅम यांची तुलना कशी करणार? म्हणून दुसरा प्रश्न: किती मालासाठी? रसायनशास्त्रात माल मोलमध्ये मोजतात; मोल म्हणजे डझनासारखी कणांची एक ठरलेली संख्या. एक मोल नवसागर म्हणजे ५३.५ ग्रॅम (नायट्रोजन १४, चार हायड्रोजन मिळून ४, क्लोरिन ३५.५). १० भागिले ५३.५ म्हणजे ०.१८७ मोल.

२.६७ ÷ ०.१८७ = १४.३ किलोजूल प्रति मोल.

तक्त्यात हा आकडा १४.८ आहे. टॉवेल गुंडाळलेल्या ग्लासात, चाळीतल्या खोलीत, साडेतीन टक्क्यांच्या आत! त्या दिवशी माझ्या मुलांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला दुसऱ्या कुठल्याही पद्धतीने आणता आलं नसतं. अर्थात काही चुका एकमेकींना झाकून घेतात हेही त्यांना सांगितलं. द्रावणाची उष्माधारकता खरं तर शुद्ध पाण्यापेक्षा थोडी कमी असते, आणि ग्लासाने दिलेली थोडी उष्णता आपण मोजलेलीच नसते. एक चूक उत्तर वाढवते, दुसरी कमी करते.

हाच प्रयोग आम्ही जुलैमध्ये केला तेव्हा मात्र घट फक्त ५.१ अंश आली आणि उत्तर १२.५ किलोजूलवर अडकलं. काटा तोच, नवसागर त्याच बाटलीतला. कारण शोधायला आम्हाला दोन रविवार लागले. त्या दिवशी उकाडा म्हणून पंखा चालू होता आणि टॉवेल कोणीतरी काढून ठेवला होता. पंख्याच्या वाऱ्याने खोलीतली उष्णता ग्लासात शिरत होती. शिवाय पावसाळ्यात मुंबईची हवा इतकी दमट असते की भांडं २४-२५ अंशांखाली गेलं की त्याला बाहेरून घाम फुटतो. हवेतली वाफ ग्लासावर पाणी होऊन बसते, आणि बसताना आपला अप्रकट उष्मा, म्हणजे वाफ होताना घेतलेली उष्णता, ग्लासाला देऊन जाते. एक ग्रॅम वाफेचं पाणी झालं की सुमारे २.४४ किलोजूल सुटतात. दशांश ग्रॅम दव, जे बोटाने पुसलं तर कळतही नाही, ते जवळजवळ पाव किलोजूल आणतं. आपली मोजायची उष्णताच मुळात पावणेतीन किलोजूल! म्हणून मुंबईत थंड होणारा प्रयोग करायचा तर पंखा बंद, टॉवेल घट्ट, नवसागर बारीक कुटलेला म्हणजे पटकन विरघळेल, आणि शक्य असेल तर हिवाळ्यात. दमट हवेचा हा घोळ मला कुठल्या पुस्तकात सापडला नव्हता.

तक्त्यावरून काढणं

प्रत्येक अभिक्रिया काही ग्लासात करून बघता येत नाही. तिथे निर्मिती एन्थाल्पीचा तक्ता कामाला येतो. एखाद्या पदार्थाचा एक मोल त्याच्या मूलद्रव्यांपासून तयार होताना किती उष्णता सुटते किंवा लागते, हे २५ अंशांना आणि प्रमाण दाबाला मोजून ठेवलेलं असतं. मूलद्रव्य त्याच्या नेहमीच्या स्थिर रूपात असेल तर त्याचा आकडा शून्य: ऑक्सिजन वायू शून्य, ग्रॅफाइट शून्य. समुद्रसपाटीपासून उंची मोजतो, तशी ही शून्याची पातळी ठरवून घेतलेली आहे.

रीत एका ओळीची. उत्पादितांच्या आकड्यांची बेरीज वजा अभिक्रियाकारकांच्या आकड्यांची बेरीज, प्रत्येक आकडा समीकरणातल्या मोलसंख्येने गुणून. आधी समीकरण संतुलित करा. ते चुकलं तर पुढचं सगळं वाया.

घरात पाइपने येणारा गॅस बहुतांशी मिथेन असतो. एक मोल मिथेन आणि दोन मोल ऑक्सिजन मिळून एक मोल कार्बन डायऑक्साइड आणि दोन मोल पाणी तयार होतं. तक्त्यात किलोजूल प्रति मोलमध्ये मिथेन −७४.८, कार्बन डायऑक्साइड −३९३.५, आणि पाण्याचे दोन आकडे: द्रव पाणी −२८५.८, वाफ −२४१.८.

द्रव पाणी धरलं तर: −३९३.५ + २ × (−२८५.८) − (−७४.८) = −८९०.३.

वाफ धरली तर: −३९३.५ + २ × (−२४१.८) − (−७४.८) = −८०२.३.

फरक ८८ किलोजूलचा. तो कुठून आला? दोन मोल पाणी, प्रत्येकाला वाफ व्हायला ४४ किलोजूल. तिसरा प्रश्न, कोणत्या अवस्थेतला माल, तो इथे दहा टक्के उत्तर फिरवतो. परीक्षेत समीकरणात पाण्यापुढे द्रव लिहिलंय की वायू हे बघा. चुलीवर मात्र पाणी वाफ होऊनच निघून जातं, म्हणून स्वयंपाकघराच्या हिशोबाला ८०२ हाच आकडा खरा.

कंसाबाहेरच्या वजा चिन्हाने आतलं उणे अधिक होतं, हे वर मिथेनच्या ७४.८ला झालंय. ही एक पायरी कितीही कंटाळा आला तरी पूर्ण लिहून काढा, डोक्यात करू नका.

भट्टीतून निघून भिंतीपर्यंत

आता चुनाभट्टीकडे येऊ. स्टेशनच्या नावातच भट्टी आहे, आणि रोज त्या फलाटावर उतरणाऱ्या मुलांना मी विचारते: चुन्याच्या भट्टीत काय व्हायचं?

चुनखडी किंवा शिंपले, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, ९०० अंशांच्या आसपास तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तक्त्यातले आकडे: कॅल्शिअम कार्बोनेट −१२०६.९, कळीचा चुना −६३५.१, कार्बन डायऑक्साइड −३९३.५. वरची रीत लावली की येतं +१७८.३ किलोजूल. चिन्ह अधिक, म्हणजे उष्णता घालत राहावी लागते, म्हणून तर भट्टी. एक किलो कळीचा चुना म्हणजे साधारण १७.८ मोल, त्याला ३१८० किलोजूलच्या आसपास लागतात. शुद्ध कार्बन जाळून एका ग्रॅमला ३२.८ किलोजूल मिळतात, म्हणजे नुसत्या या अभिक्रियेसाठी ९७ ग्रॅम कार्बन. दगड ९०० अंशांपर्यंत तापवायला आणि भट्टीच्या भिंतीतून, धुरातून जी उष्णता निसटते तिला वेगळा.

दुसरी पायरी. कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, वाफा येतात, आणि विरलेला चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, तयार होतो. कॅल्शिअम हायड्रॉक्साइड −९८६.१, द्रव पाणी −२८५.८. हिशोब: −९८६.१ − (−६३५.१ − २८५.८) = −६५.२ किलोजूल. एका किलोला सुमारे ११६० किलोजूल. नळाचं पावणेचार लिटर पाणी उकळायला एवढी उष्णता पुरते. त्यामुळे हा प्रयोग घरी करू नका. उकळता चुना डोळ्यात उडाला तर डोळा जातो. मुंबईत कळीचा चुना उघडा राहिला तर हवेतलं पाणी घेऊन आपोआप भुगा होतो. तोही हाच −६५.२चा मामला, फक्त हळूहळू.

तिसरी पायरी भिंतीवर होते. या शहरातल्या जुन्या इमारतींना सिमेंटच्या आधी चुन्याचाच गिलावा होता. गिलाव्यातला विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, पाणी सोडतो आणि पुन्हा कॅल्शिअम कार्बोनेट होतो, म्हणून भिंत टणक होते. हिशोब: (−१२०६.९ − २८५.८) − (−९८६.१ − ३९३.५) = −११३.१.

आता तिन्ही पायऱ्यांची बेरीज करा. १७८.३ − ६५.२ − ११३.१ = ०.

भट्टीत अभिक्रियेने जितकी उष्णता घेतली तितकी सगळी परत आली. ६५.२ चुना विरवताना एका दमात, आणि ११३.१ भिंतीवर महिनोन् महिने, कोणाच्या हाताला न लागता. जिथून निघालो तिथेच, कॅल्शिअम कार्बोनेटपाशी, पोचलो तर एन्थाल्पीतला एकूण बदल शून्यच हवा. गेर्मेन हेस यांचा १८४०चा नियम हाच. हेस जन्माने जिनिव्हाचे, पण आयुष्य रशियात, सेंट पीटर्सबर्गला गेलं. त्यांनी मांडलं की अभिक्रिया एका टप्प्यात होवो की पाच टप्प्यांत, एकूण उष्णता तीच राहते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा अजून सर्वमान्य झालेला नव्हता, हे लक्षात घेतलं की त्या माणसाविषयी मला फार आदर वाटतो.

या नियमाचा वापर असा. समीकरण उलटं लिहिलं तर चिन्ह उलटं करा. दुप्पट केलं तर आकडा दुप्पट करा. मग ओळखीची समीकरणं अशी एकाखाली एक मांडा की मधले नको असलेले पदार्थ दोन्ही बाजूंनी कटून जातील.

उदाहरणार्थ, कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होताना किती उष्णता मिळते? हे सरळ मोजणं अवघड, कारण थोडा कार्बन डायऑक्साइड होतोच. पण कार्बन पूर्ण जळताना −३९३.५, आणि कार्बन मोनॉक्साइड जळून कार्बन डायऑक्साइड होताना −२८३.० हे दोन्ही मोजता येतात. दुसरं समीकरण उलटं करून पहिल्यात मिळवा: −३९३.५ + २८३.० = −११०.५. म्हणजे कार्बन अर्धवट जळाला तर पावणेतीनशेहून जास्त किलोजूल पदरात पडतच नाहीत, आणि वर विषारी वायू तयार होतो. गॅसची ज्योत पिवळी, काजळी धरणारी दिसली की बर्नर साफ करून घ्या. आणि बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळ करू नका, हे मी दर बॅचला या गणिताच्या शेवटी सांगते.

बंध मोजून

तिसरी वाट तक्ताही हाताशी नसेल तेव्हाची. अणूंना जोडणारे जुने बंध तोडायला उष्णता घालावी लागते, नवे जुळताना ती सुटते. पहिल्यातून दुसरी वजा करा. इथे क्रम उलटा आहे बरं का: अभिक्रियाकारकांचे बंध वजा उत्पादितांचे बंध.

मिथेनमध्ये चार कार्बन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४१३ किलोजूल प्रति मोल. दोन ऑक्सिजन रेणू, प्रत्येकी ४९८. तोडायला एकूण २६४८. तयार होतात कार्बन डायऑक्साइडचे दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध, प्रत्येकी ७९९, आणि पाण्याचे चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४६३. एकूण ३४५०. उत्तर −८०२. तक्त्यावरून वाफ धरून काढलेल्या उत्तराशी जुळलं, कारण बंधांचा हिशोब वायुरूप पदार्थांसाठीच असतो.

इतकं छान नेहमी जुळत नाही. बंधांचे आकडे सरासरी असतात. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाला बऱ्याच याद्यांत ७४५ असा सर्वसाधारण आकडा दिलेला असतो; तो इथे वापरलात तर उत्तर −६९४ येतं, शंभराहून जास्त किलोजूल चुकीचं. कार्बन डायऑक्साइडसाठी ७९९च घ्यायचा. आणि चुन्यासारख्या आयनिक, म्हणजे विद्युतभारित कणांनी बांधलेल्या, घन पदार्थाला ही पद्धत लावूच नका. मला स्वतःला ही वाट अंदाज घेण्यापुरतीच आवडते.

बंद, मजबूत बॉम्ब कॅलरीमापीत मोजलेला आकडा स्थिर आकारमानाचा असतो, तो थोडा वेगळा येतो. मिथेनसाठी −८९०.३ऐवजी −८८५.३ च्या जवळपास, कारण तीन मोल वायूचा एकच उरतो. बारावीत त्याचं सूत्र येईल, तेव्हा बघा.

गॅसच्या मीटरवर पडताळा

शेवटी हे सगळं एकत्र लावून बघायचं असेल तर पाइप गॅस असलेल्या घरात सकाळी, दुसरी शेगडी बंद असताना, हे करा. पातेल्यात मोजून एक लिटर पाणी घ्या, तापमान लिहा. मीटरचा आकडा लिहा. दशांशचिन्हानंतरचे तीन अंक म्हणजे लिटर. गॅस लावा, पाणी उकळायला लागलं की लगेच बंद करा आणि मीटर पुन्हा वाचा.

पाणी २८ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला १००० × ४.१८ × ७२ म्हणजे साधारण ३०१ किलोजूल लागतात. एका मोल मिथेनचे ८०२, तर मिथेन लागेल ०.३७५ मोल, वजनाने सहा ग्रॅम. २८ अंशांना एक मोल वायू सुमारे २४.७ लिटर जागा घेतो, म्हणजे ९.३ लिटर गॅस पुरायला हवा.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने घरी करून आणलं, तेव्हा मीटर १७ लिटरने पुढे सरकला होता. ९.३ भागिले १७, म्हणजे ५५ टक्के उष्णता पाण्यात गेली. तिने ज्योत मोठी ठेवली होती, पातेल्याच्या कडेने वर येणारी, आणि झाकण नव्हतं. तिच्या आईने ते ऐकल्यावर विचारलं, "मग झाकण ठेवून, ज्योत बुडापुरती ठेवून किती येतं?" पुढच्या रविवारी ती तो आकडा घेऊन येणार आहे. तुम्हीही दोन्ही प्रकारे मोजा, आणि वहीत दोन्ही आकड्यांशेजारी पाण्याचं सुरुवातीचं तापमान लिहायला विसरू नका.